कोणतं लिनक्स टाकू, ढोलेकाका?

घाटंजीत कुणी ढोलेकाकांना विचारलं, "काका, कोणतं लिनक्स टाकू?" तर ते उत्तर देत नाहीत. ते तुमच्या घरी येतात. आधी पंखा बंद करायला लावतात, कारण वहीची पानं उडतात. मग खुर्ची भिंतीशी ओढून म्हणतात, "मी नाहीच असं समजा. तुमचं चालू द्या." आणि तुम्ही कॉम्प्युटरवर काय काय करता ते तासभर बघत बसतात. त्यांचं म्हणणं एकच, "मानूस पाह्यल्याशिवाय लिनक्स सांगू नये."

काकांनी सगळी नोकरी टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडण्यात घालवली. निवृत्तीनंतर त्यांना लिनक्सचा नाद लागला. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी प्रणाली. तिचे ढीगभर प्रकार. उबुंटू, फेडोरा, मिंट आणि आणखी कितीतरी. मिंटला काका 'पुदिना' म्हणतात, तेही अगदी गंभीरपणे.

झेरॉक्सवाल्या राऊतांच्या दुकानात ते तीन दिवस बसले आणि चौथ्या दिवशी निकाल दिला, "तुम्ही हाये तेच चालू ठेवा. तुम्हाले बदल सोसनार नाही." डॉक्टरीणबाईंना त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "भाजी कोन्या हातानं चिरता?" बाई हसल्या, काका हसले नाहीत. बाई डावखुऱ्या निघाल्या. काकांनी माऊसची बटणं उलटी करून दिली, तेव्हा बाईंना कळलं की इतकी वर्षं आपण अवघडून काम करत होतो.

मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे पाच जुने कॉम्प्युटर होते. नवीन विंडोज त्यांना झेपेना आणि नवे घेण्याची ऐपत नव्हती. समितीनं लिनक्स टाकायचं ठरवलं आणि निवड काकांवर सोपवली. काका दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते थेट कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. पंधरा दिवस तिथेच.

एकदा ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी त्यांची वही चाळली. 'जोशी मास्तर, अक्षर मोठं पायजे, पन सांगत नाही.' 'गिरणीवाले भोयर, माऊस उचलून हवेत फिरवते.' 'आत्रामबाई, चूक झाली का हात मांडीखाली लपवते.' या आत्रामबाई झरी जामणीकडच्या कोलाम आदिवासी कुटुंबातल्या, इथे अंगणवाडीत मदतनीस. मी त्यांना वर्षभर रोज पाहत होते. त्यांचे हात मला कधी दिसले नव्हते.

मग काकांनी पेनड्राइव्ह आणले. प्रत्येकात वेगळं लिनक्स, आणि ओळखायला प्रत्येकाला वेगळ्या रंगाची तार गुंडाळलेली. कॉम्प्युटरमध्ये काहीही न बदलता ते चालवून बघता येत होतं. येणाऱ्या प्रत्येकाला बसवून ते एकच सांगायचे, "हे बंद करून दाखवा."

"बंद?" मी म्हटलं, "काका, आधी उघडायला शिकवतात."

"उघडाले सारेच शिकवते, ताई. ज्या घरातून बाहेर निघाचा दरवाजा दिसत नाही, तिथं पाहुना मोकळा बसते का?"

आत्रामबाई दोन प्रकारांत अडखळल्या. तिसरा पुदिना होता. त्यांनी डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं, खाली दिसलेलं बंद करायचं चिन्ह दाबलं, आणि पडदा काळा झाला. "हे तं सापडलं!" असं म्हणून त्यांनी तो पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. हात टेबलावरच होते. काकांनी वहीत बरोबरची खूण केली.

समितीचे अध्यक्ष मात्र कावले होते. "काका, लिनक्स निवडून राह्यले का जावई? टाका ना कोनतंही एक!"

"जावई नाही जमला तं पोरगी निदान सांगते," काका शांतपणे म्हणाले. "नवखा मानूस सांगतबी नाही. उठून चालला जाते."

पुदिना ठरला. टाकायच्या दिवशी काकांनी हट्ट धरला की जुन्या कॉम्प्युटरमधली प्रत्येक फाईल दोन ठिकाणी उतरवायची. मी वैतागले. "काका, काय आहे त्यात? शिळे अर्ज, सत्काराचे फोटो. पुसून टाका सगळं."

काकांनी हातातला पेनड्राइव्ह खाली ठेवला.

"आमचे थोरले भाऊ, दादा, बोरी अरबले राह्यते," ते म्हणाले. "वऱ्हाडी शब्द जमा करत. बाजारात, वावरात, जो शब्द कानावर पडन तो घरी येऊन कॉम्प्युटरात लेहत. अर्थ, कोन बोललं, सारं. वर्सानुवर्सं. मी नवा नवा शिकलो होतो. दिवाळीले गेलतो. दादा वावरात होते. म्हटलं, लिनक्स टाकून त्यायले खुश करू. पडद्यावर विचारलं, सारी डिस्क पुसू का? मी हो म्हटलं."

"मग?"

"दादा आले, बसले, इकडं तिकडं पाह्यलं. म्हने, छान दिसते. बस, एवढंच. मंग कधी त्याच्यापुढं बसले नाही."

त्या दिवशी मी प्रत्येक फाईल दोनदा उतरवली.

वाचनालय सुरळीत सुरू झालं. काही आठवड्यांनी बाजारात काका दिसले. मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीजवळ उकिडवे बसून लिहीत होते. "आता या आजीला लिनक्स?" मी थट्टा केली. ते दचकले, वही मिटायला गेले, आणि मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. सगळे शब्दच शब्द होते.

"दादाचे आठवले तेवढे लेहले. बाकीचे नव्यानं जमवून राह्यलो. घरी टाइप करून ठेवतो."

"दादांना का देत नाही?"

"हिंमत होत नाही, ताई."

मी ती फाईल मागून घेतली आणि वाचनालयात छापली. रविवारी यवतमाळला गाडी बदलून आम्ही दोघं बोरी अरबला गेलो.

दादा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. काकांना बघून म्हणाले, "जेवला का?" काकांनी मान हलवली आणि दारातच उभे राहिले, चपलाही काढल्या नाहीत. शेवटी मीच गठ्ठा पुढे ठेवला. दादांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मागे परतून पहिलं पुन्हा वाचलं. काका जमिनीकडे बघत होते.

"सूनबाई, पेन आन वं," दादांनी आत आवाज दिला. पेन आलं. त्यांनी एका ओळीवर काट मारली.

"उलंगवाडी. तू लेहलं, कापूस संपनं. अरे, कापूस कुठं संपते? येचनं संपते. मंग वावरात ढोरं सोडते." समासात त्यांनी बारीक अक्षरात ते लिहिलं आणि मान वर केली. "उभा काहून हायेस? बस. मले आता बारीक दिसत नाही. पुढचा वाच."

काका बाजूला बसले, कागद हातात घेतला. बोटानं पुढची ओळ शोधू लागले. दादांनी पेन तसंच धरून ठेवलं होतं. ते थांबून राहिले.