राखेच्या डब्यातलं कोहळं

गजानन महाराजांची शप्पथ! यातला एक शब्द खोटा असला तं डोळे फुटतील माह्ये! नातवंडं म्हणतात, आजी लय फेकते. फेकत असंन एखाद्या दिवशी. आज नाई. आज सांगून राहिलो ते सोळा आणे खरं हाये, अमरावतीतल्या आमच्याच गल्लीत घडलेलं हाये. पटत नसंन तं ओमप्रकाश किराणावाल्याचा ओटा पाहून या. अजून तुटलेलाच हाये.

तर खुशालराव. मोजणी खात्यातून रिटायर झालेला माणूस. पस्तीस वर्षं लोकाईचे बांध मोजले, आता घरामागचा बगीचा मोजतात. बगीचा केवढा? दोन खाटा टाकल्या तं तिसरीचे पाय कुर्बानभाईच्या आंगणात जातीन, एवढा! पण भिंतीवर त्याचा नकाशा: 'प्रस्तावित उन्हाळी लागवड'. गट नंबर एक काकडी, गट नंबर दोन दोडकं, असे चौदा गट. अन् एक रजिस्टर. थंडी सरत आली का रोज सकाळी कानटोपी घालून खुशालराव त्यात लिहीत:

"दि. १ फेब्रुवारी. पहाटे स्वेटर, दुपारी बनियान. शेवग्यास फुले एकशे बारा. मोजताना दोन गळाली, सबब एकशे दहा. कढीपत्ता: परिस्थिती जैसे थे."

कढीपत्ता तीन वर्षांपासून जैसे थेच होता, काहून का तो मेलेला होता.

भिंतीपलीकडे कुर्बानभाई बेकरीवाले. त्याईच्याकडे ना नकाशा, ना रजिस्टर. खरकट्या पाण्यावर त्याईची वांगी अशी लदलद लागत, का खुशालरावाले त्यात काही बेकायदेशीर वाटे.

"काय खुशालभाऊ," कुर्बानभाई भिंतीवरून विचारत, "आज मिरचीले रजिस्टर वाचून दाखवलं का नाई? काल जरा रुसल्यासारखी वाटली मले!"

"शास्त्र आहे ते, कुर्बानभाई. तुम्हाले नाई समजणार."

"मिरचीलेबी नाई समजून राहिलं, भाई!"

आता खरी गोष्ट. संक्रांतीले खुशालरावाची मोठी बहीण जमुनाबाई अकोल्याहून आली. पदराच्या गाठीत अकरा बिया. वलगावले त्याईची आई लावायची, त्या कोहळ्याच्या. त्या कोहळ्याच्या तळलेल्या गोड बोंडाईले गूळ लागतच नसे म्हणतात.

"खुश्या, हे शेवटले," जमुनाबाई म्हणाली. "माह्या गच्चीवरचा वेल यंदा मावा पडून गेला. हे गेले तं आईचं कोहळं गेलं." अन् तिचे डोळे भरून आले.

खुशालरावानं छाती फुगवली. "बाई, पस्तीस वर्षांत सरकारची एक इंच जमीन नाई हरवू दिली मी. अकरा बिया हरवीन?"

आई बी राखेत ठेवायची, म्हणून याईनंही राखच धरली. गॅसच्या जमान्यात राख कुठी भेटते? कुर्बानभाईच्या भट्टीतून आणली, तीन वेळा चाळली, डब्यात भरली, मधात बिया पुरल्या. डब्यावर नाव नाई. नाव टाकलं तं कुर्बान टपूनच बसला हाये! अन् ठेवला कुठी? मोरीतल्या कोनाड्यात. घरभर थर्मामीटर फिरवून सिद्ध केलं होतं, का सगळ्यात स्थिर हवामान मोरीतच हाये. बायकोले सांगतलं का? कायले सांगतीन! गोपनीय काम.

बायकोचं नाव चंदाबाई. लय गरीब बाई. दिसायलेही चांगली. या भानगडीत तिचा काडीचा दोष नाई, हे आत्ताच सांगून ठेवतो.

नकाशाप्रमाणं कोहळ्याची लागवड फेब्रुवारीच्या तेवीस तारखेले, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटाईनं होती. पण अठरालेच जमुनाबाईचा फोन आला.

"खुश्या, लावल्या का रे बिया?"

"लावल्या?" खुशालराव हासले. "अवं बाई, उगवल्या! अकराच्या अकरा! दोन-दोन पानं आली!"

"खरंच? मंग परवा येतोच पाहाले!"

फोन ठेवला अन् खुशालराव असे मोरीत पळाले, जसा काही जुलाब लागला. कोनाड्यातून डबा काढला, झाकण उघडलं. डबा रिकामा! नुसता रिकामा नाई, घासून-पुसून लख्ख! तळाशी एक म्हातारा तोंड उघडं टाकून पाहून राहिला होता. तो म्हातारा म्हणजे स्वतः खुशालराव.

"चंदा! यातली राख कुठी गेली?"

"महाराजांच्या प्रगट दिनाच्या पंगतीले पितळेचे मोठाले गंज-पातेले नाई का घासले? साबणानं पितळ निंगते का कुठी?"

"कोणं घासले?"

चंदाबाईनं मोरीच्या दाराकडं बोट केलं. "गोदाबाईनं."

धुणंभांडं करणारी गोदाबाई तिथीच खराटा घेऊन उभी होती. तिनं चंदाबाईकडं पाह्यलं, मंग खराट्याकडं पाह्यलं, अन् म्हणाली, "हाव. मीच."

"राखेत काई हाताले लागलं नाई?"

"लागलं ना, खडे-खडे," चंदाबाई बोलली. "पाण्यासंगं नालीत गेले." अन् घाईनं म्हणाली, "असं गोदाबाई सांगत होती."

दुसऱ्या दिवशी गोदाबाई हिरव्या काठाची नवीकोरी साडी नेसून कामाले आली. काहून, ते कोणी विचारलं नाई.

पण खुशालराव हातपाय गाळणारा माणूस नोहे. प्रगट दिनापासूनच्या बारा दिवसाईचं पाणी, नालीचा उतार, बीचं वजन, सगळं रजिस्टरात मांडलं. फोन आला त्याच दुपारी डोक्यावर खाकी टोपी, हातात टेप, अन् मोरीपासून नाली मोजत निंगाले. दर चार फुटावर वाकायचं, गाळात काडी फिरवायची, लिहायचं.

नालीवरच ओमप्रकाशच्या दुकानाचा ओटा. तो बाहेर आला. "काका, काय मोजून राहिले जी?"

खरं सांगावं तं कुर्बानभाई भिंतीवर कान ठेवूनच उभा. म्हणून खुशालराव जुन्या सरकारी आवाजात बोलले, "ते उघड नाई करता येत. अकोल्याहून फोन आला हाये. परवा पाहणी हाये."

ओमप्रकाशचं तोंड पेढ्यासारखं पिवळं पडलं. त्याचा ओटा पाच फूट नालीवर होता!

अर्ध्या तासात गल्लीभर झालं: अतिक्रमण निंगणार! खुशालराव पुन्हा ड्युटीवर! कोणी चहा आणला, कोणी शेवचिवडा, कोणी बसाले खुर्ची. चुडीवाले किशोरभाऊ स्वतःच्या हातानं जिन्याच्या पायऱ्या फोडाले लागले. कुर्बानभाई छपरीचे खांब उपटून राहिले होते.

"खुशालभाऊ, पडोसी का लिहाज करा! दोन फूट तं सोडा!"

"नियम तो नियम," खुशालराव म्हणाले.

काहून म्हणाले, ते त्याईलेही समजलं नाई. पण रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कोणी त्याईले 'साहेब' म्हटलं होतं! गळ्यात घास अडकल्यासारखी आईच्या बियांची आठवण येई, अन् वरून चिवडा येई.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत नुसते घण अन् कुदळी. बिया मात्र नाई त्या नाईच. खुशालरावानं अकोल्याले तीनदा फोन लावला, मले ताप हाये, नोको येऊ, म्हणून. जमुनाबाईनं उचललाच नाई. ती तं बसमध्ये होती.

आटोरिक्षा थांबला. जमुनाबाई उतरली, पांढरं पातळ, जाड चष्मा, हातात फाईलसारखी पिशवी. ओमप्रकाश नारळ घेऊन धावला.

"नमस्कार मॅडम! पाहा जी, ओटा काढला, शेवटची पायरी तेवढी राह्यली!"

"कोण मॅडम, बापा?" जमुनाबाई म्हणाली. "मी भावाचं कोहळं पाहाले आलो!"

घण जिथल्या तिथी थांबले. मंग एकेक मुंडकं खुशालरावाकडं वळलं. कुर्बानभाईच्या हातात तं खांब होता!

तेवढ्यात ओमप्रकाशच्या ओट्याची ती अर्धवट सुटलेली पायरी सटकली, अन् धाडकन बाजूले पडली. तिच्या मागं, नालीच्या काठाच्या राखाडी गाळात, ऊन खात उभे होते हिरवेगार कोंब. दोन-दोन पानं. खुशालरावानं मोजले. पुन्हा मोजले. अकरा!

"हे... हे पाह्य बाई," ते कसेबसे बोलले. "सांगतलं होतं ना."

जमुनाबाई नालीच्या काठी फतकल मारून बसली. एका पानावर बोट फिरवलं, चष्मा काढून पुसला. मंग मान वर केली. "नालीत लावले?"

"आपा, सरकारी पद्धत हाये ती," कुर्बानभाई म्हणाले.

खुशालराव टेप घेऊन वाकले. "आता हे गट नंबर सातमध्ये..."

"हात लावू नोको!" अख्खी गल्ली एका सुरात ओरडली.

"खुश्या," जमुनाबाई म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा तुह्या नावावर काही उगवलं, काहून का तुहा हात लागला नाई."

आता वेल ओमप्रकाशच्या शटरवर चढला हाये. कोहळं निंगालं का प्रत्येक घरी एक, असा जमुनाबाईचा हुकूम हाये, म्हणून खुशालरावाची हाडं वाचली. रजिस्टरात नोंद हाये: "उगवण अकरापैकी अकरा. पद्धत: नैसर्गिक निचरा. देखरेख: स्वतः."

झालं! सांगतलं ना, शब्द अन् शब्द खरा!

फक्त एक... पुढच्या महिन्यात माह्या मोतीबिंदूचं ऑपरेशन हाये, अन् शप्पथ डोळ्याईची घेऊन बसलो, म्हणून सांगून टाकतो. गंज घासले त्या दिवशी गोदाबाई नव्हतीच. ती पातूरले भाचीच्या लग्नाले गेली होती. गंज चंदाबाईनंच घासले. अन् चंदाबाई म्हणजे मीच.

दिसायले चांगली, हे मात्र खरं हाये.

खुशालरावाच्या कानावर घालू नोका बरं. गोदाबाईले एक साडी देऊन झाली. तुम्हा सगळ्याईले कुठून देऊ?