रतनआबांचा म्हसोबा

दगडावर पहिला नारळ फुटला तेव्हा रतनआबा अंगणात दाढी करत होते. समोरच्या चौपदरी रस्त्यावर ट्रक थांबला, ड्रायव्हर उतरला, दुभाजकाशेजारच्या नारिंगी दगडावर त्यानं नारळ फोडला, हात जोडले आणि निघाला.

"ओ भाऊ, देव न्हाई त्यो!" आबा साबणाच्या तोंडानं धावले. ट्रक लोणावळ्याच्या दिशेनं दिसेनासा झाला होता.

तो देव नव्हताच. बेडशाची वाट जिथं हमरस्त्याला मिळते, त्या वळणावर पाणी साचायचं. आबांनी पस्तीस वर्षं मैलकुली म्हणून सडकेचे खड्डे बुजवलेले. आईला लेकराच्या अंगाचा ताप कळावा तसा त्यांना रस्त्याचा उतार कळे. मागच्या डांबरीकरणात उतार डावीकडं गटाराला द्यायचा, तो उजवीकडं दुभाजकाला पडला. पाऊस आला की तिथं वीतभर तळं. भरधाव गाडीचं चाक त्यावर होडीसारखं तरंगे. पुतण्या संदेश तिथंच गाडी घसरून गेला. आणि लेक प्रतीक्षा रोज त्याच वळणावरून स्कूटीनं तुंगार्लीला दवाखान्यात नर्सच्या कामाला जाई.

आबांची बायको आक्काबाई भाकरी थापताना गुणगुणायच्या,

"सडकंच्या पाठीवर पानी साचलं वंजळभर
कुन्या माऊलीच्या लेका, कसं गाठशील तुजं घर"

आबांना ओवी येत नव्हती, अर्ज येत होता. त्यांनी सात अर्ज केले. कुणी हललं नाही. मग तळ्याच्या तोंडाशी खूण म्हणून त्यांनी एक दगड उभा केला आणि शेजारच्या बजरंगकडून बैलांच्या शिंगांचा उरलेला रंग आणून त्याला फासला. रंग नारिंगी होता, एवढीच काय ती चूक.

पंधरा दिवसांत दगडाला डोळे आले. महिन्यात म्हसोबा झाला. घरात बावीस प्रतिज्ञांची पाटी लावणाऱ्या आबांच्या दारात येऊन बजरंग म्हणाला, "काय आबा, तुमी देव मानत न्हाई, आन देव परगटला तुमच्याच हातनं! कमिटी केलीया. अध्यक्ष मी."

"आरं, त्यो तुज्याच बैलाचा रंग हाय!"

"मंग तर आमचा हक्कच आला की."

आबांनी कपाळावर हात मारला. पण एक गोष्ट नाकारता येईना. पाटीवरच्या वेगमर्यादेला न जुमानणाऱ्या गाड्या म्हसोबापाशी मुंगीच्या पावलानं जाऊ लागल्या. त्या पावसाळ्यात एकही गाडी घसरली नाही, पुढच्याही नाही. आबा देवाला नमले नाहीत, पण रोज लेकीची स्कूटी वळणापार दिसेनाशी झाली की मान वळवून दगडाकडं एकदा बघायचे.

तिसऱ्या वर्षी पाहणीवाले आले. अपघाताला कारण ठरणाऱ्या जागा शोधायचं काम होतं. गौरव नावाचा इंजिनिअर टॅबलेट घेऊन उतरला. आबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, पाण्यात उभे राहिले आणि उतार दाखवला.

"बरोबर आहे तुमचं, आबा. उतार उलटाच आहे," गौरव म्हणाला. "गेल्या तीन वर्षांत इथं अपघात किती?"

"दोन वर्सं झाली, येक बी न्हाई!" आबा अभिमानानं म्हणाले आणि बोलता बोलताच त्यांची जीभ अडखळली.

"मग यादीत कसं घालू? पाच गंभीर अपघात लागतात."

"म्हंजी मानसं मेल्याबगर उतार नीट व्हायचा न्हाई?"

"मेलीच पाहिजेत असं नाही," गौरव समजुतीनं म्हणाला. "हाडं मोडली तरी चालतात." मग त्याची नजर दगडाकडं गेली. "हा मात्र अडथळा आहे. हा यादीत घालता येईल."

अशा रीतीनं त्या वळणावर एकच धोकादायक गोष्ट सापडली: आबांचा दगड. तो हलवायचा हुकूम निघाला. गाव बिथरलं. शेवटी तोड निघाली. म्हसोबा रस्त्याच्या डाव्या कडेला न्यायचा, वर पत्र्याची शेड, शेडला दिव्यांची माळ. बजरंगनं वाजतगाजत देव हलवला. तळं जागच्या जागी राहिलं.

आता गाड्या तळ्याआधी हळू होईनात. ऐन वळणावर ड्रायव्हर डावीकडं बघत, स्टिअरिंग सोडून हात जोडू लागले. काही तर मध्येच थांबत.

श्रावणात एका सकाळी पुढचा टेम्पो देवासाठी गचकन थांबला. मागून येणाऱ्या प्रतीक्षानं स्कूटी उजवीकडं काढली आणि थेट तळ्यात गेली. स्कूटी दुभाजकाला घासत गेली, पोर पाण्यात बसली. आबा अनवाणी धावले. तिला धरून घरी आणली. कोपर सोललेलं, गुडघा सोललेला, बाकी सगळं धड. आक्काबाई तिला हळद लावता लावता रस्त्याला, टेम्पोला, म्हसोबाला आणि नवऱ्याला एकाच दमात शिव्या घालत होत्या.

आबांनी गौरवला फोन लावला.

"सायेब, झाला अपघात! माजीच पोर पडली. ल्ह्या आता."

"अरेरे! फ्रॅक्चर आहे?"

"न्हाई. खरचटलंय नुसतं."

"मग किरकोळात जातं, आबा. किरकोळ आम्हाला धरता येत नाही. निदान हात मोडला असता तर..." त्याचं त्यालाच उमगलं असावं. "म्हणजे, काळजी घ्या."

आबा आत आले. प्रतीक्षा खाटेवर बसून बोटं एकेक करून दुमडून बघत होती. पाचही बोटं नीट मिटत होती, नीट उघडत होती. आबा त्या धड हाताकडं बघत राहिले, आणि पोटच्या पोरीचं हाड शाबूत आहे याचं त्यांना, एक पळभर का होईना, वाईट वाटलं.

"काय बघताय ओ आबा असं?" प्रतीक्षानं विचारलं.

"काय न्हाई," म्हणत आबा घाईनं भिंतीकडं वळले, आणि कितीतरी वेळ त्यांना पोरीकडं तोंड करवेना.