फडकं मिस्त्री

उद्यमनगरात सायलेन्सरची कामं करणारा एक मिस्त्री आहे, तो पांढरी विजार आणि पांढरा सदरा घालून कामाला बसतो. काजळीच्या धंद्यात पांढरे कपडे. कोळशाच्या वखारीत नवरदेव बसवल्यासारखा दिसतो. नाव दत्तू, पण दत्तू मिस्त्री कुठं बसतो असं विचारलं तर कुणी सांगणार नाही. फडकं मिस्त्री म्हणा, चहाच्या गाड्यावरचं माणूससुद्धा बोट दाखवंल.

तुम्ही गाडी घेऊन गेलात तर हा या म्हणत नाही, बसा म्हणत नाही. आत जातो आणि एक पांढरं फडकं घेऊन येतो. स्वच्छ धुतलेलं, घडी घातलेलं. ते पाण्यात बुडवून पिळतो, गाडीच्या मागच्या पाईपच्या तोंडावर सुतळीनं सैल बांधतो आणि म्हणतो, "पावणं, बसा आत. तीनदा रेस करा."

तीन रेस झाल्या की फडकं सोडतो, झटकतो आणि चिमटीत धरून तुमच्या हातात देतो.

"घरला न्या. मालकिणीला दावा. म्हणावं, ह्यो आपला धूर."

कामाचं बोलणं त्यानंतर. फडकं घेतलं नाही तर काम घेत नाही. एकदा एका पुढाऱ्याची जीप आली होती. कडक इस्त्री, मागं चार माणसं. त्यालाबी काळं फडकं दिलं. पुढारी म्हणाला, "मिस्त्री, मला ओळखलं न्हाईसा वाटतं." मिस्त्रीनं एकदा फडक्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आत्ता ओळखलं." त्या पुढाऱ्याच्या बायकोनं म्हणे दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, आणखी दोन फडकी द्या, तवा उतरायला बरी पडतात.

बाकीची खुळं वेगळीच. दुकानात बिडी ओढू देत नाही. सायलेन्सर काढला की लाकडी हातोडीनं ठोकतो आणि कान लावून ऐकतो. मग गाडीच्या मालकाकडं असं बघतो, जसं काय तुम्ही पोरगी उपाशी ठेवलीय. "छाती भरलीया हिची. श्वास कोंडलाय." कुणी वरवर ठिगळ मारून दे म्हणालं तर, "पोट बिघडलंय आणि तुमी तोंडाला पावडर लावाय आलाय," म्हणतो आणि पाठ फिरवतो.

हे ठिगळाचं मला ऐकवलं होतं. सहा वर्षं झाली त्याला. माझ्या ट्रकचा सायलेन्सर फुटला होता आणि मी त्याच्याकडं पहिल्यांदा गेलो होतो. त्यानं फडकं बांधलं, दिलं, आणि म्हणाला नुसत्या सायलेन्सरनं भागणार न्हाई, इंजिनापासनं शेवटापतूर सगळी नळी बदलाय पायजे. मी म्हटलं, तू मिस्त्री हाईस का कीर्तनकार? आणि दुसरीकडं जाऊन ठिगळ मारून आलो. फडकं शिटाखाली कोंबलं.

मी चौथी शिकलोय. पन्नास वर्षं गाडी चालवली. गुऱ्हाळावरनं गूळ उचलायचा, मार्केट यार्डात टाकायचा. हा ट्रक माझा स्वतःचा, धाकट्या पोराच्या वयाचा. पोरगं पुण्याला गेलं, ट्रक राहिला. त्याच्या कपाळावर बायकोचं नाव रंगवलंय, शालन. लोक देवाचं लिहितात. मला देवानं कधी पहाटे उठून डबा करून दिला नव्हता.

ट्रक दारात उभा असतो, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. जुनं डिझेल इंजिन, थंडीत पंधरा मिनिटं चालू ठेवल्याशिवाय चालत नाही. सगळा धूर खिडकीतनं आत. शालन आतनं म्हणायची, "अवं, जरा म्होरं घ्या की गाडी. भाकरीला वास लागतुया." मी म्हणायचो, "लक्ष्मीचा धूर हाय त्यो. घे छातीभरून." रोज ती तेच म्हणायची, रोज मी तेच. आम्हाला वाटायचं हा संसार आहे.

गाडी चार हात पुढं घ्यायला काय लागत होतं? गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. बास.

दीड वर्षापूर्वी ती गेली. छाती. आधी खोकला, मग दम, मग ते नळकांडं नाकाला. डॉक्टरनं विचारलं, चूल वापरता? म्हटलं, न्हाई, गॅस हाय. कुठल्या कारखान्यात कामाला होत्या? म्हटलं, न्हाई. मग कशानं, म्हणाला. त्यानं ट्रकचं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. कशानं झालं ते त्यालाबी ठाऊक नाही आणि मलाबी नाही, पण मी त्या दिवशी गप्प बसलो, एवढं मला ठाऊक आहे.

पोरगं म्हणतं, आबा, ट्रक भंगारात घाला आणि इकडं या. इकडं म्हंजे सातव्या मजल्यावर. खाली बघितलं तर माणसं मुंग्यांसारखी, वर बघितलं तर आठवा मजला. मी म्हटलं, ट्रक भंगारात जाईल तेव्हा मला बी त्याच वजनकाट्यावर घाल. घरात बसून भिंतींशी बोलायचं माझं वय झालं असंल. पण भिंती उलटं बोलत नाहीत. शालन बोलायची.

तर यंदा ट्रकचं पासिंग आलं. धुराच्या परीक्षेत पास झाला तर कागद, नापास झाला तर भंगार आणि सातवा मजला.

आता आमच्या यार्डातली एक सोय सांगतो. जुन्या ट्रकवाल्यांनी सात-आठ जणांत मिळून एक चांगला सायलेन्सर ठेवलाय. ज्याचं पासिंग, त्याच्या गाडीखाली तो लागतो. परीक्षा झाली की काढायचा, पुढच्याला द्यायचा. त्या एका सायलेन्सरनं जेवढ्या परीक्षा पास केल्यात तेवढ्या आमच्या सगळ्यांच्या पोरांनी मिळून केल्या नसतील. मीही तोच लावला. पाईपमध्ये नळी घातली, रेस केली, मशीनवर आकडा आला.

तपासणारा म्हणाला, "आजोबा, नापास."

म्हटलं, "असं कसं? लई हुशार सायलेन्सर हाय ह्यो."

"ठाऊक हाय. गेल्या महिन्यात दुसऱ्या ट्रकखाली बघितला की ह्येला. हुशार हुता. आता म्हातारा झालाय."

मग काय करतो? नाक मुठीत धरून फडकं मिस्त्रीकडं.

सहा वर्षांत त्याचे केस गेले होते, सदरा तोच होता. त्यानं मला ओळखलं की नाही कळलं नाही. ट्रकच्या कपाळावरचं नाव मात्र त्यानं वाचलं, जरा थांबून. मग आत गेला, फडकं आणलं, भिजवलं, बांधलं. मी तीनदा रेस केली. खाली उतरलो तर फडकं तव्याच्या बुडासारखं झालं होतं. त्यानं झटकलं आणि माझ्यापुढं धरलं.

"घरला न्या. मालकिणीला दावा."

मी म्हटलं, "मालकीण पंचगंगेच्या घाटावर जळली. तिकडं नेऊ व्हय?"

आसपासची दोन-तीन माणसं होती, ती वळून बघायला लागली. मिस्त्रीचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यानं ते फडकं माझ्यापुढनं मागं घेतलं, नीट घडी घातली आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. पांढऱ्या सदऱ्यावर हा एवढा काळा डाग उमटला. शेजारचा वेल्डर नंतर मला म्हणाला, आबा, एवढी वर्सं शेजारी बसतुया, ह्येच्या अंगावर डाग आज बघितला.

"शालनवैनी गेल्या?" मिस्त्री म्हणाला.

मी म्हटलं, "व्हय." त्याला वैनी कुठनं ठाऊक, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. नाव तर गाडीवर होतं.

तीन दिवस त्यानं काम केलं. एक शब्द खोचक बोलला नाही. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला खरं म्हणजे शिव्या पाहिजेत, त्या नसल्या की चुकल्यासारखं होतं. इंजिनाला जिथं पाईप जोडतात तिथली गॅस्केट जळून गेली होती, ती नवी घातली. पुढचा वाकडा पाईप बदलला, सायलेन्सर बदलला, मागचा पाईप बदलला. डिझेल फवारणारी नोझलं काढून पंपवाल्याकडं पाठवली. माझ्या ठिगळाच्या सायलेन्सरला त्यानं कान लावला नाही. कापला आणि आतली काजळी घमेल्यात ओतली. घमेलं भरलं. मी तिथं स्टुलावर बसून त्या घमेल्याकडं बघत होतो. म्हटलं हे सगळं बाहेर पडलेलं नाही, हे अडकून राहिलेलं. बाहेर पडलेलं कुठं गेलं?

ट्रक पास झाला. तपासणाऱ्यानं आकडा दोनदा बघितला आणि म्हणाला, "आजोबा, आता कुणाचा आणला?" म्हटलं, "माझा हाय. सोताचा." कागद घेऊन मी सरळ उद्यमनगरात आलो. म्हटलं सांगावं, आणि निघावं.

मिस्त्री फडकं घेऊनच उभा होता. "बसा आत. तीनदा."

तीन रेस झाल्या. फडकं सोडलं. अगदी पांढरं म्हणता येणार नाही, चहाचा हात पुसल्यासारखं दिसत होतं. त्यानं ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. मग आत गेला आणि एक स्टीलचा डबा घेऊन आला.

"ह्यो तुमचा."

झाकणावर टोचून नाव घातलेलं. शालन. हा डबा हरवला म्हणून तिनं शेजारणीवर संशय घेतला होता. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं.

"ह्यो तुझ्याकडं कसा?"

"तुमी फडकं न्हेलंसा, त्या सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वैनी आल्या हुत्या. बसनं. हातात त्येच काळं फडकं. पूजेला गाडी झाडताना शिटाखाली घावलं, फडकं मिस्त्रीचं हाय हे लगीच वळखलं म्हणाल्या. म्हणाल्या, 'मिस्त्री, तुमी मला दावाय सांगितलंसा न्हवं? बघितलं. आता काय करायचं त्ये सांगा.' म्हटलं, मालकास्नी गाडी घिऊन लावून द्या. 'आमचं मालक न्हाई ऐकायचं,' म्हणाल्या, 'पण मी सांगत ऱ्हाईन.' डब्यात दसऱ्याच्या तळलेल्या कडाकण्या हुत्या. ठिवून गेल्या."

रोज सकाळी सांगत होती. जरा म्होरं घ्या की.

मला दुसरं काही सुचेना, म्हणून चिडलो. "मग सहा वर्सं डबा दाबून ठेवलास?"

"मोकळा कसा देऊ, आबा? मोकळा डबा परत करत्यात व्हय? आई हुती तवर ती बघायची. आता घरात बाईमाणूस न्हाई. मला एकट्याला कळंना काय घालायचं."

"मूठभर साखर घालायची, मर्दा."

तो खाली बघून सुतळी गुंडाळत राहिला. "साखर घातली असती. पर एवढ्या वर्सांत किती फडकी वाटली असतील मी. घरला न्या म्हणतुय, मालकिणीला दावा म्हणतुय. बघून इचाराय आलेलं माणूस एकच. तिला साखर घालून डबा देऊ? म्हटलं गाडी यील, काम हुईल, बरं फडकं निघंल, त्ये घालून देऊ." सुतळी गुंडाळून झाली तरी तो बोटं फिरवतच होता. "तुमी आलाच न्हाईसा."

त्यानं झाकण काढलं, ते ओलं फडकं चार घड्या करून आत ठेवलं, झाकण लावलं आणि डबा दोन्ही हातांनी माझ्याकडं दिला. गिऱ्हाइकांना देतो तसा चिमटीनं नाही. आणि दुसऱ्या गाडीखाली गेला.

डबा घरी आणलाय. स्वयंपाकघरात फळीवर, शालन ठेवायची त्याच जागेवर ठेवलाय. फडकं आत आहे, मी झाकण उघडलेलं नाही.

सकाळी गाडी चालू करतो. आता पंधरा मिनिटं खिडकीपाशी उभी ठेवत नाही. गिअर टाकतो, क्लच सोडतो आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पुढं घेतो. तिथनं खिडकी दिसते. उघडीच असते. आत कुणी नसतं.