भाग, बाघ आणि बघ

देवरे काका बोलताना तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. तुमच्या उजव्या मनगटाकडे बघतात. पहिल्या भेटीत मला वाटलं, यांचा डोळा माझ्या घड्याळावर आहे. मी बाही खाली ओढली. त्यांनी लगेच विचारलं, "का लपवलं?"

"तोंड खोटं बोलतं, भाऊ. मनगटाला ते जमत नाही." लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या बाजारात ते टोमॅटोवाल्यालाही सोडत नाहीत. "भैया, कलाई मत घुमाओ, सड़ा वाला आ रहा है." आणि खरोखर सडका निघतो.

काका मूळ धुळ्याकडचे. एअर फोर्समधून निवृत्त झाले आणि लखनौलाच राहिले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. सकाळी घरोघरी कडी वाजवून मुलींना उठवतात आणि सॉफ्टबॉल शिकवतात. या खेळात पिचर हात पवनचक्कीसारखा फिरवून खालून चेंडू फेकते, आणि पिचर तेज असली तर चेंडू दिसेपर्यंत गेलेला असतो. म्हणून तो सुटताना तिचं मनगट वाचायचं. काकांनी तेच जगाला लावलं.

फी मात्र घेत नाहीत. इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या वडिलांनी हमाली केली. घराण्यातला पहिला पदवीधर मी, बी.एस्सी., फर्स्ट क्लास, आणि हे मी न विचारता सांगतो. फुकटची वस्तू मी उलटीपालटी करून बघतो. ईश्वरीला, माझ्या लखनौतच वाढलेल्या मुलीला, त्यांच्याकडे घातलं आणि पंधरा दिवस पाण्याच्या टाकीमागे उभा राहून पाळत ठेवली.

दिसलं ते भलतंच. काका पाच-सहा पावलांवरून काबुली चणे फेकत होते आणि मुली झाडूच्या दांड्याने ते मारत होत्या. मग चेंडू आले, लाल-निळे ठिपके काढलेले. बॅट खाली ठेवायची, चेंडू येताना नुसता रंग ओळखायचा. "लाल!" "झूठ! तुक्का मारा तूने!" काकांचा रंगांवरही विश्वास नाही.

"टाकीमागचे बी.एस्सी., पुढे या," ते एकदा न वळता म्हणाले. "सावली दिसते तुमची. सांगा बरं, पाय कधी उचलायचा?"

"चेंडू आल्यावर."

"मग फर्स्ट क्लास कोणी दिला तुम्हाला? चेंडू सुटायच्या आधी! पाय आधी, बॅट आखूड, डोळा मनगटावर."

ईश्वरीला हे सगळं यायचं. पण मागच्या वर्षी एक चेंडू तिच्या कोपरावर बसला होता, आणि तेव्हापासून वेगवान चेंडू आला की ती मागे उडी मारायची. राज्याच्या निवड चाचणीला महिना उरला होता. या वयोगटातली तिची ही शेवटची. चाचणीत एक उंच मुलगी पिचिंग करणार होती, तिच्या वेगाची सगळ्यांनी धास्ती घेतलेली.

"भीती आहे पोरीला," मी म्हणालो.

"भीती नाही. कोणीतरी शिकवतंय तिला पळायला," काका माझ्या मनगटाकडे बघत म्हणाले. बहुतेक संशय माझ्यावरच होता.

शेवटी मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "पापा, काका ही तो चिल्लाते हैं, भाग!"

काका चेंडू सोडताना ओरडायचे, "बघ!" एकीला 'भाग', म्हणजे पळ, ऐकू यायचं, दुसरीला 'बाघ', म्हणजे वाघ. दोन्ही ऐकून माणूस एकच गोष्ट करतो.

"अगं, तू तर मराठी!"

"इतने में कौन सोचेगा कि मराठी है?"

काकांना सांगितलं तर म्हणे, "बनवताहेत तुम्हाला."

"काका, 'देख' म्हणा की."

ते बराच वेळ बॅटवरची माती खरवडत राहिले. "नोकरीभर हिंदी बोललो, भाऊ. घरात आता बोलायला कोणी नाही. एक शब्द तरी राहू द्या माझा."



चाचणीच्या दिवशी काका जाळीमागे तोंडावर रुमाल धरून उभे होते. पहिल्या चेंडूला ईश्वरी मागे सरकली. स्ट्राइक. दुसऱ्याला जागेवर राहिली, पण बॅट उशिरा आली. पुन्हा स्ट्राइक. तीन झाले की बाद. आता एकच उरला. उंच मुलीचा हात फिरायला लागला आणि काकांनी रुमाल खाली घेतला.

"देख, बिटिया! देख!"

ईश्वरीचा पाय वेळेवर उचलला गेला. चेंडू बॅटवर बसून फर्स्ट बेसवर झेलायला उभ्या मुलीच्या डोक्यावरून गेला.

यादीत तिचं नाव लागलं. काकांनी कागद उन्हात धरून सहीसुद्धा तपासली. मग विचारलं, "शिबिर कुठे?"

"कानपूरला. दोन महिने. तुमच्या बाकीच्या दोघींचीही नावं आहेत."

"तिघीही?" ते म्हणाले. "अच्छा."

काकांकडे येणाऱ्या मुली तीनच होत्या; आता एकही उरली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ईश्वरीला आलमबागच्या स्टँडवर बसमध्ये बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला दाराची कडी वाजली. बाहेर काका, हातात बॅट, खांद्याला चेंडूंची पिशवी.

"सवयीने आलो," ते म्हणाले. मग जिन्याकडे बघत, "भाऊ, ऑफिसला वेळ असेल तर... समोर नुसतं कोणी उभं राहिलं, तरी चालेल."

मी बूट शोधायला आत गेलो.