गहू सोडल्याची कहाणी

आजारी पडण्यापूर्वी माणसानं आपला आजार गावाला मान्य आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. हे शहाणपण कोणत्याही पोथीत सांगितलेलं नाही. ते अनुभवानंच येतं.

आमच्या अमडापुरात मान्यताप्राप्त आजार मोजके आहेत. शुगर, बीपी, कावीळ, मणका आणि नजर. शुगरवाल्याला चहा बिनसाखरेचा मिळतो, तोही आदरानं. (सोबत पेढा असतो. एकानं काही होत नाही.) मणक्याला खुर्ची मिळते. नजरेला मीठ-मोहऱ्या. प्रत्येकाची सोय ठरलेली आहे, आणि म्हणूनच गाव सुरळीत चालतं. अशा शिस्तीच्या गावात माझ्या सुनेनं एक अनोळखी आजार आणला, हे मुळात चुकलंच.

मयुरी धामणगाव बढ्याची. लग्नात चांगली भरलेली होती. दोन वर्षांत वाळत गेली. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, रक्त वाढता वाढेना, जिना चढली की भिंत धरून उभी राहायची. गल्लीनं तातडीनं कारणं शोधली. पहिलं, नजर. दुसरं, माहेरची ओढ. तिसरं, मोबाईल. चौथं, सासू खाऊ घालत नसेल. (हे चौथं कारण माझ्या पाठीमागं ठरलं, पण तीन जणींनी वेगवेगळं येऊन, केवळ प्रेमापोटी, माझ्या कानावर घातलं.)

मग मी खाऊ घातलं. सकाळी तूप लावून पोळ्या, दुपारी गव्हाची खीर, चार वाजता शिरा. ती जितकी खाई तितकी वाळे, आणि जितकी वाळे तितकं आम्ही वाढू. ही योजना घरात अत्यंत काटेकोरपणे राबवण्यात आली. शेवटी मुलानं, गणेशनं, तिला बुलढाण्याला नेलं. तिथून संभाजीनगरला. रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं पाहिलं. आजाराचं नाव सिलिॲक निघालं.

डॉक्टरीण बाई समजावून सांगायला बसल्या. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की हिचं शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. आतड्याला आतून बारीक लव असते, ती झडून जाते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू, रवा, मैदा, जव बंद. कणभरसुद्धा चालायचं नाही, आणि जन्मभर चालायचं नाही. तवा वेगळा, पोळपाट वेगळा. बाजारच्या हिंगातही मैदा मिसळतात, तो पाहून घ्या. एवढं पाळलं की पोरगी ठणठणीत.

मला तर आनंदच झाला. घरात जवारी होती, तांदूळ होता, आणि माझ्या उपासांमुळे भगर, साबुदाणा, राजगिरा कधी संपतच नसे. मयुरी भाकर खाऊ लागली आणि पंधरा दिवसांत तिच्या तोंडावर रंग आला. पण मी सून सांभाळत होते, गावाचे कायदेकानून विसरले होते. शेजारच्या सोजराबाईंनी ताट पाहिलं.

"का वं सरस्वतीबाई, सुनेले भाकर अन् तुमाले पोया?"

मी हळू आवाजात सगळं सांगितलं. लव, आतडं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् औषध काय देल्लं?"

"औषध नाही. फक्त खायचं नाही."

"मंग तो कायचा आजार व माय? ज्याले गोयी नाही तो आजार नाही, नखरा व्हय. गव्हानं कोनी मरते का? गहू त अन्न हाय, अन्न!"

निकाल लागला. त्यानंतर गल्लीनं मयुरीला बरं करण्याचं काम हाती घेतलं. सोजराबाई मनानं वाईट नाहीत. मायाळू आहेत, आणि माया अडवायला कुलूप मिळत नाही. बारशाला पोळी दिली नाही, शेवया दिल्या. हळदीकुंकवाला पोळी दिली नाही, कुरडई दिली. सत्यनारायणाला तर पोळीचा प्रश्नच नव्हता. "गहू नाही व याच्यात, रवा हाय," असं सांगून शिरा दिला. आमच्या गल्लीच्या पाहणीनुसार दहापैकी नऊ बायकांच्या मते रवा गव्हाचा नसतो. दहावीचं मत असं, की असतो, पण प्रसादात लागू होत नाही.

दर कार्यक्रमानंतर मयुरी ओकून ओकून अंथरुणाला खिळायची. गावाचा निष्कर्ष निघाला की दिवस गेले असतील. लगेच डिंकाचे लाडू आले. (कणीक भाजून केलेले.)

मी फार बोलणारी बाई नाही. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावणातले शनिवार, रोजची तुळशीची प्रदक्षिणा, एवढ्यात बोलायला वेळ उरत नाही. पण एका एकादशीला सोजराबाईंकडे बसले असताना त्यांनी मला पोहे आणले, आणि जीभ चावून परत नेले. "अगंबाई, तुमची एकादस!" म्हणून बशीपण धुवून ठेवली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चाळीस वर्षांत मला एकानंही "काऊन?" असं विचारलेलं नाही. आजाराला कारण द्यावं लागतं, कागद दाखवावे लागतात. व्रताला काही लागत नाही. माझ्या सासूबाईंनी काशीला जाऊन कारलं सोडलं होतं. मरेपर्यंत कोणी त्यांच्या पानात कारलं वाढलं नाही. (कारलं त्यांना आधीही आवडत नव्हतं.)

मी खोटं बोलत नाही. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला, एकादशीला तर मुळीच नाही. त्यामुळे मी बुधवारपर्यंत थांबले.

"सोजराबाई, मयुरीनं देवीपाशी गहू सोडला."

त्यांनी हात जोडले. "माय व! मंग पह्यले काऊन नाही सांगतलं?"

त्या दिवसापासून चमत्कार सुरू झाले. डॉक्टरांसाठी ज्या बाई एक कढई वेगळी करायला तयार नव्हत्या, त्यांनी देवीसाठी राखेनं तवा घासला, नवा पोळपाट आणला आणि वरणात हिंग चालतो का म्हणून आधी विचारायला माणूस पाठवला. गिरणीवाले गफ्फारभाई म्हणाले, "रोज्याचीच गोष्ट झाली म्हना की वहिनी. गिरणी पुसून सकायी पह्यली जवारी तुमची, मंग बाकी दुनियेचा गहू." विज्ञानाला जे जमलं नाही ते श्रद्धेनं करून दाखवलं, असं भाषणात म्हणतात, ते खरंच आहे.

मयुरीचं वजन वाढलं, जिना एका दमात चढू लागली. व्रताचं फळ डोळ्यांनी दिसलं म्हटल्यावर गल्लीत आणखी तीन जणींनी गहू सोडला. पैकी एकीची वर्षानुवर्षांची पोटदुखी थांबली. मी तिला म्हटलं, एकदा डॉक्टरला दाखव, तोच आजार असेल. ती दुखावली. "देवीवर अविश्वास दाखवू का?"

सगळं छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट, आयुष्यभर व्रतं करूनही, माझ्या लक्षात आली नव्हती. आजाराला उद्यापन नसतं. व्रताला असतं.

"वरीस झालं," सोजराबाई म्हणाल्या. "उद्यापन करून टाका. सोडेल वस्तू देवीपुढं खाल्ली की पोरगी सुटली."

"तिनं जन्मभरासाठी सोडलाय."

"जन्मभर? एवढ्याशा पोरीले? सासू व्हय का कोन व्हय तुमी?"

म्हणजे फिरून आम्ही चौथ्या कारणावर आलो.

दिवसही त्यांनीच काढला, संकष्टीचा. शिराही त्यांनीच केला, सव्वा किलो रव्याचा, साजूक तुपातला, केळं घातलेला. नियम असा होता की व्रत जिचं, तिनं पहिला घास घ्यायचा. त्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. दिवेलागणीनंतर आमच्या बैठकीत वीसेक सवाष्णी बसल्या. मी मात्र उपाशी. चंद्र पाहिल्याशिवाय मी पाण्यापलीकडे काही घेत नाही.

मयुरीच्या हातावर शिरा ठेवला गेला. केळ्याचा, वेलचीचा वास सुटला होता. एक बाळ भुकेनं रडायला लागलं, तसं सगळ्यांनी मयुरीकडे पाहिलं, जणू तिनंच त्याला चिमटा काढला.

"खाय व माय," सोजराबाई खरोखर प्रेमानं म्हणाल्या. "देवीचं हाय. देवी काई वाईट करन का?"

मयुरीनं माझ्याकडे पाहिलं. "जाऊ द्या आई," ती हळूच म्हणाली, "एका घासानं काय होते." आणि हात तोंडाकडे नेला.

हे वाक्य तिच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकलं. गावानं अखेर तिला पूर्ण बरं केलं होतं.

मी उठले, तिचं मनगट धरलं आणि तिच्या हातावरचा शिरा खाल्ला. सगळा. बोटाला चिकटलेलासुद्धा मी पुसून घेतला. मग तिला म्हटलं, "जा, साबणानं हात धू."

शिरा चांगला झाला होता. साखर जरा जास्त.

रडणारं बाळही थांबलं. मग एकदम कल्लोळ. सरस्वतीबाईंची संकष्टी मोडली! चंद्र निघायच्या आत! सुनेच्या पायी सासूची चाळीस वर्षांची पुण्याई गेली! उद्यापनाचं कोणालाच भान उरलं नाही; ते आजतागायत झालेलं नाही, आणि व्रत अर्थातच चालू आहे.

त्यानंतर महिनाभर घरी माणसांची रीघ होती. प्रायश्चित्ताबद्दल एकंदर अकरा मतं पडली. पाच मतं एकवीस संकष्ट्या करण्याची, चार मतं गोदान करण्याची, एक गोमूत्राचं, आणि एक सुनेला माहेरी पाठवण्याचं. चहा सर्वांना मयुरीनंच दिला. तिचं पोट कसं आहे, हे कपबशी हातात घेताना एकीनंही विचारलं नाही.

तुमचं तसं नाही. तुम्ही शिकलेली माणसं. कहाणी इथवर वाचली ती पोरीच्या काळजीनंच. तिच्या त्या झडलेल्या लवेचं पुढं काय झालं, हेच तुम्हाला विचारायचं असणार. चंद्र निघायला किती वेळ होता, हे तुमच्या मनातसुद्धा आलं नसेल.

(अर्धा तास.)