नानांचं गवत

रविवारी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली की मी फक्त दार उघडते आणि बाजूला होते. नाना आत येतात. चपला हातात, तळपाय हिरवे, मिशीवर गवताचे चार तुकडे. माझ्याकडे न बघता ते जिना चढून थेट गच्चीवर जातात, कठड्याशी उभे राहून खाली बघतात, एक डोळा मिटतात, मान आधी डावीकडे आणि मग उजवीकडे कलती करतात. मग वरून आवाज येतो, "लेव्हल गेली वो, बाई!" आणि आल्या वाटेनं परत जातात. थोड्या वेळानं खाली ट्रॅक्टर सुरू होतो.

पडेगावला घर बांधलं तेव्हा शेजारी एवढी मोठी हिरवळ आहे म्हणून मी खूश होते. हिरवळीबरोबर तिचा मालकही मिळणार आहे, हे प्लॉट दाखवणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

तिथं आधी नानांची मोसंबीची बाग होती. झाडं वाळली, तेव्हा नानांनी ती काढून जमीन सपाट केली, गवत लावलं, एका टोकाला स्टेज बांधलं आणि फाटकावर मुलीच्या नावाची कमान उभारून लग्नासाठी लॉन्स काढलं. बागेतला छोटा ट्रॅक्टर तेवढा राहिला. त्याच्यामागं गवत कापायचं यंत्र आलं आणि नानांचं डोकं फिरलं ते तिथून.

लॉन्स म्हटलं की वऱ्हाडी गवतावर फिरणार, पोरं लोळणार, कुणाच्या तरी हातून मठ्ठा सांडणार. नानांना हे सगळं तोंडानं मान्य होतं. पण लग्न लागलं की ते अक्षता टाकायच्या सोडून पाहुण्यांच्या पायांकडे बघत उभे राहायचे. उंच टाचांची चप्पल घालून कुणी बाई आली की ते तिच्या मागंमागं फिरायचे. "ताई, जरा टाच उचलून चाला की," असं ते एकदा नवरदेवाच्या आत्याला म्हणाले आणि त्या लग्नात मानापमानाची कमी राहिली नाही. मंडपवाले शफीकभाई तर दर वेळी कपाळाला हात लावत. नाना त्यांना कुठंच खांब रोवू देत नसत. शेवटी ते वैतागून म्हणायचे, "नाना, अब खांब हवा में गाडूं क्या?" यावर नाना खरोखर थोडा वेळ विचार करायचे.

मी शाळेत भूगोल शिकवते. गवताचा धडा मात्र मला नानांनी दिला, आणि मी न विचारता दिला. दव वाळल्याशिवाय ट्रॅक्टर गवतावर घालायचा नाही. मागच्या दोन्ही चाकांत हवा सारखी पाहिजे, नाहीतर यंत्र कलतं आणि एका बाजूनं खाली कापतं. (चौकातला पंक्चरवाला नानांचा ट्रॅक्टर दिसला की चहाला निघून जातो. एकदा हवा भरून यांचं भागत नाही.) या आठवड्यात उभं कापलं तर पुढच्या आठवड्यात आडवं. "नायतर गवताला एकाच कुशीवर झोपायची सवय लागती." आधीचा पट्टा वीतभर दाबूनच पुढचा पट्टा घ्यायचा. वळायचं ते गवताबाहेर, मुरमावर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, "इंजिन पळालं पायजे बाई, ट्रॅक्टर नाय." म्हणजे पातं जोरात फिरवायचं आणि ट्रॅक्टर हळू चालवायचा.

पातं ते स्वतः घासतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. "गवत फाडलं नाय पायजे, कापलं पायजे. फाटलेलं गवत टोचतं." आणि टोचतं की नाही ते बघायला, कापून झालं की अख्ख्या लॉन्सवर अनवाणी फिरतात. माझ्या जिन्यावर उमटणारे हिरवे पाय ते हेच.

ही लेव्हल गवतापुरती असती तरी चाललं असतं. आमच्याकडे सत्यनारायण होता, तर नाना पूजेला नमस्कार करायच्या आधी केळीचे खुंट सारखे करत बसले. भटजी तसेच हात जोडून थांबले. माई म्हणजे नानांच्या मंडळी. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "यान्ला पंगतीत बसवू नका. शेजारच्याच्या ताटातली कोशिंबीर सरळ करत्यात." मला वाटलं, माई गंमत करतायत. त्या दिवशी माझ्या मिस्टरांची कोशिंबीर नानांनी चमच्यानं सरळ केली.

एवढं हसून झाल्यावर आता सुवर्णाच्या लग्नाचं सांगायला हवं. त्याचं मला हसू येत नाही.

सुवर्णा ही नानांची एकुलती एक मुलगी. फाटकावरच्या कमानीवर नाव आहे ते तिचं. लग्न अर्थातच घरच्या लॉन्सवर झालं. नानांनी गवत असं कापलं होतं की वऱ्हाडी आत पाऊल टाकताना थबकत होते. दिवसभर नाना हसतमुख होते. ज्याला त्याला वाढत होते, चक्क गवतावर खुर्च्या मांडू देत होते.

संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली. सुवर्णा माईंच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही गळ्यात पडली, आणि शेवटी नानांच्या पाया पडायला वाकली. नाना मान वळवून दुसरीकडेच बघत होते. तेवढ्यात नवरदेवाच्या गाडीचा ड्रायव्हर गाडी मागं घेता घेता गवतावर आला. नाना एकदम ओरडले, "अय! गवतावरून नको! बाजूनं घे, बाजूनं!"

सगळे हसले. रडणाऱ्या बायाबापड्यासुद्धा डोळे पुसत हसले. वाकलेली सुवर्णा तशीच सरळ झाली. तिचा हात पायांपर्यंत पोचलाच नव्हता.

"सांभाळा तुमचं गवत, नाना," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण मी जवळ होते. ते हसू नव्हतं.

बाप लेकीशी त्या दिवशी शेवटचं बोलला ते एवढंच. तेही ड्रायव्हरशी.

पुढं कितीतरी महिन्यांनी, गच्चीवरून लेव्हल बघता बघता, नाना आपणहून म्हणाले, "रडू यायलं होतं, बाई. एवढ्या माणसांत कसं रडावं? गाडी दिसली, वरडलो."

सुवर्णा पुण्याला असते. ती रागावून बसली असती तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटतं. भांडण झालं असतं, मिटलं असतं. पण ती येते, नानांची औषधं विचारते, माईंना साडी आणते. फक्त गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर लावते आणि भिंतीकडेच्या मुरमावरून चालत घरात जाते. गवतावर पाऊल ठेवत नाही. तिला मुलगी झाली, ओवी. ती चालायला लागली तेव्हा सुवर्णानं तिचं बोट धरून शिकवलेलं मी ऐकलं आहे, "नानांचं गवत आहे ना ते? आपण बाजूनं चालायचं." टोमणा नव्हता त्यात. घरात पाया पडावं, उंबऱ्यावर बसू नये, तसंच हेही एक.

या दिवाळीला त्या दोघी आल्या. मी गच्चीवर चकलीचा सोऱ्या धुऊन वाळत घालत होते, तर रविवार नसताना नाना जिन्यातून वर आले. कठड्याशी न जाता पाण्याच्या टाकीआड उभे राहिले.

"काय झालं, नाना? लेव्हल गेली?"

"हळू बोला, बाई." मग टाकीआडून खाली डोकावत म्हणाले, "कालच पातं घासलं. समदीकडं फिरून बघितलं. कुठंच टोचत नाय."

"कुणाला?"

त्यांनी हनुवटीनं खाली दाखवलं. सुवर्णा गाडीतून पिशव्या काढत होती. ओवी मुरमावर एकटीच उभी होती. तिनं सँडल काढून ठेवले होते आणि ती पायाची बोटं हलवत गवताकडे बघत होती.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन्ही चाकांतली ती हवा, ते घासलेलं पातं, ते अनवाणी फिरणं, अलीकडे तरी सगळं या पायांसाठी होतं. वाहवा ऐकायला नाना गच्चीवर येत असतील असं मी इतकी वर्षं समजत होते.

ओवीनं इकडंतिकडं बघितलं आणि एक पाय गवतावर ठेवला. थांबली. नीट जोर देऊन उभी राहिली. तिला मऊ लागलं असणार, कारण ती हसली.

नाना टाकीआडून पुढं आले. दोन्ही हात वर करून, आनंदानं, साऱ्या पडेगावाला ऐकू जाईल असं ओरडले, "ओवे!"

पोरगी दचकून मागं सरली. सुवर्णा पिशव्या टाकून धावली, तिचा दंड धरला आणि वर बघून म्हणाली, "नाही, नाही, नाना! नाही जाऊ देत मी तिला. चुकून गेली."

नानांचे हात वरच राहिले. मग त्यातला एक असू दे म्हणावं तसा हलला आणि दोन्ही खाली आले.

"मला 'पळ' म्हणायचं होतं, बाई."

"मग म्हणा ना!" माझा पारा चढला. "अजून उभी आहे ती. म्हणा!"

नानांनी तोंड उघडलं. खाली सुवर्णानं ओवीच्या पायांत सँडल घातले, आणि दोघी भिंतीकडेनं घरात गेल्या.

"माझा आवाजच तसला हाय," नाना म्हणाले.

"मी सांगते सुवर्णाला. आत्ता जाऊन सांगते."

"नको. ते मीच म्हणायला पायजे. पुढच्या खेपंला म्हणतो."

ती खेप अजून आलेली नाही. भाऊबीज झाली तशी सुवर्णाची गाडी रस्त्यावरूनच निघून गेली. नाना फाटकापर्यंत सोडायला गेले होते. मुरमावरून.

पुढच्या रविवारी कडी वाजली. चपला हातात, मिशीवर तुकडे. या वेळी मीही त्यांच्यामागं वर गेले. सगळं लॉन्स एका उंचीचं, शेवटच्या पट्ट्यापर्यंत. फक्त मुरमाच्या कडेला, ओवीनं पाय ठेवला होता त्या जागी, ताटाएवढं गवत उंच राहिलं होतं. यंत्र मुद्दाम तिथं उचलून पुढं नेलेलं स्पष्ट दिसत होतं.

नानांनी एक डोळा मिटला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. बराच वेळ बघितलं.

"बराबर हाय," असं म्हणाले आणि जिना उतरून गेले.