तीन पायांचा जावई

शेजारची पुष्पाभाभी विचारायला आली तेव्हा बकुळाच्या एका हातात श्रीकृष्णाचा दंड होता आणि दुसऱ्या हातात रॉकेलचं नरसाळं. तिच्या या चार वर्षांच्या पोराने नुकताच स्टोव्हच्या टाकीत गुळाचा खडा टाकला होता. स्टोव्ह दोन दिवस उपाशी आहे असं त्याचं म्हणणं होतं. वर गच्चीवर गाद्या उन्हात पडल्या होत्या, चुना लावायला माणूस येणार होता म्हणून खोलीतलं सगळं सामान अंगणात आलं होतं, आणि त्या सामानाच्या मधोमध तिची सात वर्षांची लेक कमळी एका नव्याकोऱ्या मडक्याला खिळ्याने भोकं पाडत बसली होती. शाळेला सुट्टी होती.

"भाभीजी, कमळी ने झिंझिया बनाई है, तो इस बार लडकीवाले आप बन जाओ. हमाए लछमन टेसू ले आएँगे. पूनम की साँझ को ब्याह हो जैहे."

बकुळाला एवढं ठाऊक होतं की झिंझिया म्हणजे हे भोकाभोकांचं मडकं. त्यात दिवा ठेवून मुली दसऱ्यानंतर दारोदार गाणी म्हणत फिरतात. टेसू म्हणजे तीन काठ्यांवर बसवलेलं मातीचं मुंडकं, ते मुलगे नाचवतात. झाशीतला तिचा हा पहिलाच शरद ऋतू. भातुकलीतलं बाहुला-बाहुलीचं लग्न तिने लहानपणी लावलं होतं. चुरमुरे, बत्तासे, दहा-बारा पोरं, अर्ध्या तासात आटोपतं. "हाँ हाँ, कर लो," ती म्हणाली आणि टाकीतून गूळ काढू लागली.

खरं तर तिचं मन तिथे नव्हतंच. वाईहून सासूबाई आल्या होत्या, आणि आल्या त्याच दिवशी चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी सांगून टाकलं होतं, "दिवाळीच्या आधी कमळीला मी वाईला न्हेनार. तिकडंच शाळेत घालते."

कारण असं की मे महिन्यात कमळीने वाईच्या घाटावर चारचौघींत आजीला "दादीजी" म्हटलं होतं आणि भाकरी बघून "ये रोटी जल गई क्या?" असं विचारलं होतं. मेरठ, जबलपूर, आता झाशी, अशा बदल्यांत पोरीचं मराठी वाटेतच कुठेतरी सांडलं होतं. रुक्मिणीबाईंच्या मते सुनेला दोन पोरं झेपत नव्हती, त्यातलं एक तरी वाचवलं पाहिजे होतं. नवरा दिवाकर पलटणीत हवालदार, शत्रूपुढे उभा राहणारा माणूस, पण आईपुढे "बघू" एवढंच म्हणून तो बबिन्याला फायरिंग रेंजवर निघून गेला. लढाई बकुळावर आली. कमळीशिवाय घर तिला नुसतं मनात आणूनही कसंतरी होत होतं. तिने ठरवलं होतं की कोजागिरीपर्यंत घर असं शिस्तीत ठेवायचं की सासूबाईंना बोट ठेवायला जागा मिळू नये. मग पौर्णिमेला केशर घालून आटवलेलं दूध त्यांच्या हातात द्यायचं आणि विषय काढायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बायका अंगणात आल्या आणि मांडवाची जागा पावलांनी मोजू लागल्या.

"कुनाचं लगीन हाय गं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"पोरांचा खेळ आहे, आत्याबाई. मडक्याचं लग्न."

"मडक्याचं?" रुक्मिणीबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. "आन् मांडव कशाला?"

याचं उत्तर बकुळालाही हवं होतं. ते संध्याकाळी पुष्पाभाभीच्या दिराकडून मिळालं. लक्ष्मणचं ओरछा गेटजवळ सायकलचं दुकान होतं, आणि मिशा होत्या. तो खाटेवर ऐसपैस बसला आणि मुलाकडच्यांच्या सुरात म्हणाला, "देखो भाभीजी, हमें कुछ नहीं चाहिए. बस बरात की खातिर ठीक से हो जाए. पूडी-सब्जी, खीर, बस. और बाजेवालों को अलग बिठा देना."

"बाजेवाले?" बकुळाने विचारलं. "बँड?"

"अब चौमासे में असली शादी तो होती नहीं. बेचारे खाली बैठे हैं. खाने पर आ जाएँगे."

"पण बरात में कितने..."

"अरे, घर के ही लोग. ये गली, पिछली गली, मेरी दुकान के दोस्त. और हाँ, भानुमती के ससुराल वाले भी गुरसराय से आ रहे हैं." भानुमती लक्ष्मणची बहीण. तिचं लग्न गुरसरायला ठरलं होतं. "हमाए इते टेसू का ब्याह न निपटे, तो घर के ब्याह का काम शुरू नहीं होत. वो लोग इसी के बाद तारीख पक्की करेंगे."

बकुळा मटकन बसली, ती नेमकी चुन्याच्या बादलीशेजारी. दूध सांगून ठेवलं होतं चार लिटर, ते कोजागिरीचं. कढई होती एक, तीही भजी तळण्याएवढी. ती काही बोलणार तोच लक्ष्मण उठता उठता हसून म्हणाला, "पिछले साल लडकीवालों ने बरात को पानी तक नहीं पूछा था. पर आप तो फौजी लोग हो."

सासूबाईंना हिंदी येत नाही म्हणून बरं, असं बकुळाला वाटलं. पण कमळीने आजीला शेवटचं वाक्य भाषांतर करून सांगितलं. "आजी, ते बोलते की लडकीवाले पानी नाही पूछते."

रुक्मिणीबाई ताठ झाल्या. आता या पोरीला उद्याच घेऊन जातात, असं वाटून बकुळाने डोळे मिटून घेतले.

"असं म्हनला?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "लेकीकडचे हाव म्हनून काय बी ऐकून घ्यायचं व्हय? बकुळा, मोठी कढई कुनाकडं मिळंल?"

त्यानंतर दोन दिवस त्या घरात जे झालं ते बकुळा नुसती बघत राहिली. गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आल्या. ही इथली रीतच होती, लडकीवाल्यांच्या घरी सगळ्यांनी हात लावायचा, पण ते बकुळाला कोणीच सांगितलं नव्हतं. रुक्मिणीबाई कढईपाशी बसून साताऱ्याकडच्या मराठीत हुकूम सोडायच्या, बायका बुंदेलीत "हओ अम्मा" म्हणत माना डोलवायच्या, कोणाला कोणाचं कळत नव्हतं आणि पुऱ्या टम्म फुगत होत्या. केशराचं दूध बकुळाच्या डोळ्यांदेखत खिरीच्या पातेल्यात गेलं.

"आत्याबाई, ते कोजागिरीचं..."

"व्याही गुरसरायचे हायत. साधं दूध प्यायला घालू त्यास्नी?"

हळदीच्या दिवशी मडक्याला हळद लागली, कमळीला लागली, आणि श्रीकृष्ण अंगभर हळद फासून गच्चीवरच्या गाद्यांवर लोळून आला. एरवी रुक्मिणीबाईंनी त्याचा कान धरला असता. त्या म्हणाल्या, "असू दे, घरात लगीन हाय."

पौर्णिमेला चंद्र किल्ल्यामागून वर यायला आणि गल्लीच्या तोंडाशी बँड वाजायला एकच गाठ पडली. बकुळा ओवाळणीचं ताट घेऊन दारात गेली आणि तिथेच थिजली. ही एवढी माणसं! पुढे पेट्रोमॅक्स, मागे बँड, त्याच्यामागे फेटे बांधलेली गुरसरायची मंडळी, आणि सगळ्यांच्या वर, लक्ष्मणच्या खांद्यावर, हातात टेसू उंच धरून तिचा स्वतःचा मुलगा.

"श्रीकृष्णा! अरे, तू आपल्याकडचा ना?"

"मैं बराती हूँ," श्रीकृष्ण म्हणाला. त्याचे दोन्ही गाल रेवड्यांनी भरलेले होते. "खीर कहाँ है?"

"फितूर झालं कार्टं," रुक्मिणीबाई म्हणाल्या, पण लगेच त्यांनी नवरदेवाकडे वळून पदर सावरला. टेसू दिसायला रुबाबदार होता. कवड्यांचे डोळे, काजळाच्या मिशा, डोक्याला पिवळी पगडी. रुक्मिणीबाईंनी त्याचे पाय धुवायला तांब्या पुढे केला. पाय म्हणजे तीन काठ्या होत्या. त्यांनी तिन्ही धुतल्या, पुसल्या आणि तिन्हींना कुंकू लावलं. गुरसरायच्या व्याह्यांनी असला मान कोणत्याच टेसूला मिळालेला पाहिला नव्हता.

"आता कानपिळी," रुक्मिणीबाईंनी जाहीर केलं. "नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा. ये रं किश्या."

बकुळाने "आत्याबाई, नको" म्हणेपर्यंत श्रीकृष्णाने कान पिळला होता. कान त्याच्या हातात आला.

बँड बंद पडला. श्रीकृष्णाने कानाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं, आणि भोकाड पसरलं. बकुळाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परक्या गावात, परक्या लोकांच्या नवरदेवाचा कान तिच्या पोराने उपटला होता, तोही भानुमतीच्या सासरच्यांसमोर. पण लक्ष्मण खो खो हसत सुटला.

"अरे कान का क्या है अम्मा! अभी तो सिर भी टूटेगा."

कोणी भाषांतर केलं नाही. कमळी नवरीला नटवत होती.

फेरे सुरू झाले. एका मुलाने टेसू धरला, कमळीने झिंझिया. मडक्याच्या भोकांतून दिव्याच्या कवडशांची नक्षी भिंतीवर फिरू लागली. बायका गात होत्या. रुक्मिणीबाईंनी आपल्या पद्धतीने अक्षता वाटल्या होत्या, त्या सगळीकडून पडत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना मुलगी नव्हती. "एवढ्या वर्सांनी लेकीकडची झाले," त्या बकुळाच्या कानात म्हणाल्या.

शेवटचा फेरा पुरा होतोय न होतोय तोच मुलांनी एकदम आरोळी ठोकली, टेसूला खाली आपटलं आणि काठीच्या दोन दणक्यांत नवरदेवाचं मुंडकं फोडलं.

"आता बया!" रुक्मिणीबाई किंचाळल्या.

कवडीचा एक डोळा घरंगळत येऊन त्यांच्या पायाशी थांबला. पोरं नाचत होती, बँडने वेगळीच धून धरली होती, गुरसरायचे व्याही कौतुकाने टाळ्या वाजवत होते. आणि तीच काठी घेऊन एक पोरगा झिंझियाकडे वळला. रुक्मिणीबाईंनी काय होतंय ते कळायच्या आत कमळीच्या हातातलं मडकं हिसकावलं, पेटत्या दिव्यासकट पदराखाली घेतलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसल्या.

"अम्मा, पल्लू जलेगा!" पुष्पाभाभी धावली. "अम्मा, झिंझिया भी फूटत है! हमाए इते ऐसई होत है! फूटे बिना ब्याह पूरा नहीं होत!"

"लगीन लागल्या लागल्या नवऱ्याला मारलात. आता माझ्या लेकीलाबी मारताय?" रुक्मिणीबाईंनी दिवा फुंकून विझवला, मडकं मात्र सोडलं नाही. "हात लावून बघा कुनी."

गुरसरायचे व्याही एकमेकांकडे पाहू लागले. झिंझिया फुटली नाही तर लग्न अपुरं, आणि हे अपुरं तर भानुमतीच्या तारखेचं बोलणं कसं करायचं? भानुमती खांबाआड उभी होती, तिने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. लक्ष्मणचं हसू मावळलं. त्याने बकुळाकडे पाहिलं, पुष्पाभाभीने पाहिलं, सगळ्या गल्लीने पाहिलं. सासूच्या हातून मडकं काढून घेण्याची ताकद बकुळात त्या वेळीच काय, कधीच नव्हती.

कमळी पुढे झाली. आजीच्या गुडघ्यावर हात ठेवून ती जमेल तशा मराठीत म्हणाली, "आजी, दे ना. ती माझी आहे. मी बनवली."

"फोडतील गं तिला."

"ती इथेच फुटती. दुसरे साल मी नवीन बनवती. तू तिला वाईला घेऊन गेली तर ती तिथे काय करेल? तिचे सगळे इथे आहेत."

कमळी मडक्याबद्दलच बोलत होती. तिला वाईचा बेत कोणी सांगितलेलाच नव्हता. पण रुक्मिणीबाई मडक्याकडे बघत नव्हत्या. त्या नातीच्या हळदीने माखलेल्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर बाजूला केला आणि मडकं तिच्या हातात दिलं.

"घे. तूच फोड. दुसऱ्या कुनाला हात लावू दिऊ नगंस."

मडकं फुटलं तशी मुलींची खापऱ्या गोळा करायला झुंबड उडाली. बँड वाजला, पंगती बसल्या. रुक्मिणीबाईंनी स्वतःच्या हाताने वाढलं, बाजेवाल्यांना दोनदा खीर वाढली. गुरसरायच्या व्याह्यांनी जेवता जेवताच पंचांग मागवलं आणि भानुमतीची तारीख पक्की केली, मार्गशीर्षातली.

माणसं पांगल्यावर बकुळा खरकटी पातेली गोळा करत होती. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. बकुळाने हात पुसले, सगळा धीर एकवटला आणि तोंड उघडलं.

"कमळीला न्हाय न्हेत मी," रुक्मिणीबाईच आधी म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे हितं. चांगली हाय पोर."

बकुळाला हसावं की रडावं कळेना. तिने वाकून सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्याबाई, मग तुमचं परतीचं तिकीट यांना सांगून..."

"कशाला?"

"म्हणजे, दिवाळीच्या आधी तुम्ही वाईला..."

"मी कुठं जाते आता?" रुक्मिणीबाईंनी अजून खांबाशी रेंगाळणाऱ्या भानुमतीकडे हनुवटीने खूण केली. "त्या पोरीचं लगीन हाय ना मार्गशीर्षात? ह्या लोकांचा काय भरोसा न्हाय. कानपिळी ठाऊक न्हाय, काय न्हाय, शेवटचा फेरा झाला की काठ्या घेत्यात. खरा नवरा दारात यील तवा मी हितं असले पायजे. कमळे, सांग तिला. म्हनावं, काळजी करू नगंस, तुज्या नवऱ्याच्या डोक्याला मी धक्का लागू द्यायची न्हाय."

कमळीने सांगितलं. भानुमती धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. बकुळा पातेल्यांच्या ढिगात खाली बसली आणि मार्गशीर्षाला अजून किती अवकाश आहे ते बोटांवर मोजू लागली.